शिवण

लोखंडाची भट्टी पाडली त्या सकाळी
म्यूजच्या पाण्यावर लाल धूळ बसली,
बदकं तिच्यातून वाटा काढत गेली.
नंतर तीन वर्षं कुंपण होतं, कुत्रं होतं,
आणि कुंपणाला एक भोक, गिस्लेनच्या अंगाएवढं.

ती आणायची, मी धुवायचो:
आटे गेलेले बोल्ट,
रबरी नळीचं कोपर,
आकडे उडालेली तबकडी,
मळीचे खडे, निळसर, काचेचे सख्खे चुलत,
आणि एकदा एक हातमोजा,
चामड्याचा, वाळून पापड झालेला,
मूठ अर्धी मिटलेली.
कशावर मिटली होती, ते नाही सापडलं.

प्लास्टरमध्ये पुरला त्याला.
चामडं जळून गेलं, वास चार दिवस राहिला
माझ्या स्वेटरला, पावाला.
उरलेल्या पोकळीत काच उतरली
मधासारखी, कुणाला कसली घाई नसल्यासारखी.
मग अकरा दिवस दार उघडायचं नाही.
घाईनं निवलेली काच आतल्या आत धुमसते
आणि एखाद्या मंगळवारी, कुणी हातही न लावता,
दुभंगते.
रात्री दोनला उठून मी आकडा बघायचो.
चारशे ऐंशी. चारशे अठ्ठ्याहत्तर.
बायकोनं सामान नेलं ते त्याच आठवड्यात.
मी आकडा बघत होतो.

निघाला तो धुरकट. बोटांच्या शेंड्यांत
राख अडकलेली, धुराचे बुडबुडे.
आणि शिवण. टाक्यांची ओळ,
बाहेरून, जाड, सुरवंटासारखी
अंगठ्याला वळसा घालून गेलेली.
मला ती खुपली. साच्याची चूक वाटली.
गिस्लेन लिएजला गेली होती, पैशांच्या कामाला.
मी चाक लावलं, पाणी सोडलं,
दोन दिवस घासला.
अंगठा असा झाला, की नुकत्या जन्मलेल्या मुलाचा असावा.
खूश होतो मी स्वतःवर, खोटं कशाला बोलू.

प्रदर्शन कारखान्याच्या जुन्या कॅन्टीनमध्ये.
लोक बोल्टांपाशी थांबत होते.
होतेच ते देखणे, उजेड पिऊन बसलेले,
त्यांनी आता काहीही आवळलं जाणार नव्हतं.
ओरेस्ते बाल्दिन, सव्वीस वर्षं ओतकामावर,
बोल्टांपाशी थांबला नाही.
हातमोज्यासमोर आला, चष्मा कपाळावर चढवला,
आणि आपला उजवा हात त्याच्या शेजारी धरला,
तसाच, अर्धा मिटलेला.
पूर्ण उघडत नाही आता, म्हणाला.

"उजव्याचे आधी फाटायचे.
जोडी मिळायची महिन्याला एक.
मग डावा घ्यायचा, उलटा करायचा, आतलं बाहेर,
की झाला उजवा. शिवण वर यायची.
त्यावरून तर ओळखायचो, कोण किती काम करतो.
ही बघा करंगळीला आहे. मधल्या बोटाला आहे.
अंगठ्याची कुठं गेली?"

मी म्हणालो, काचेत कधीकधी उतरत नाही.

गिस्लेननं माझ्याकडे बघितलं.
मग त्याच्या पेल्यात वाइन ओतली,
काठोकाठ, जरा जास्तच.
तो नखानं त्या गुळगुळीत जागेवरून
गेला, आला, पुन्हा गेला.
पाटी होती शेजारी, हात लावू नये अशी.
मीच लिहिलेली. मी काही बोललो नाही.

चाकाखालच्या कुंडीत अजून तो गाळ आहे,
पांढरा, पिठासारखा, वरून सुकलेला, बोट घातलं की ओला.
आठ महिने झाले.
कुंडी साफ करायचं काम
माझंच आहे.